तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुण्यांना गुत्ता का दाखवता?

मागच्या ऑक्टोबरात नागपूरहून मावशी आली होती. बॉस्टनजवळच्या लेक्झिंग्टन गावात, हिरवळीसमोरच्या बकमन टॅव्हर्न या जुन्या वास्तूच्या दारात उभी राहून तिने मला विचारलं, "अगं, हार्वर्ड राहिलं बाजूला, आणि आम्हाला गुत्ता काय दाखवतेस?" बॉस्टनजवळ राहायला आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की एकदा सविस्तर उत्तर द्यायलाच हवं. घरात कोणी दारूला शिवत नाही, मग जुन्या टॅव्हर्नचं एवढं वेड कशाला, असं तुम्हीही विचारलंत.

खरं तर गुत्ता हा शब्द इथे बसत नाही, आणि दुसरा कुठला बसतो तेही मला सापडलेलं नाही. खानावळीत दारू मिळत नाही, धर्मशाळेत दारू आणि हिशोब दोन्ही नसतात. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या ईशान्य अमेरिकेतल्या, टॅव्हर्नमध्ये वाटसरूला खाट, घोड्याला दाणावैरण, सगळ्यांसोबत जेवण, रम, आठवड्यापूर्वीचं वर्तमानपत्र आणि प्रसंगी कोर्टाचं कामकाजही एकाच छपराखाली असे. मॅसॅच्युसेट्समध्ये 1656 साली नियमच झाला, की गावाने असं घर चालवलं नाही तर गावाला दंड. प्रार्थनाघरात तेव्हा चूल नसायची. हिवाळ्यातल्या रविवारी दोन प्रवचनांच्या मधल्या वेळात गारठलेली मंडळी शेजारच्या टॅव्हर्नमध्ये शेकायला जात. दारू ही देवाची देणगी, पण दारुडा सैतानाचा, असं इन्क्रीज मॅदर या धर्मगुरूने 1673 साली लिहून ठेवलं आहे.

पण मला ओढ आहे ती तिथल्या प्रश्नांची. सारा केंबल नाइट ही बॉस्टनची बाई 1704च्या ऑक्टोबरात घोड्यावर बसून न्यू यॉर्ककडे निघाली. वय अडतीस. तिने रोजनिशी ठेवली होती, ती छापली गेली 1825 साली. पहिल्याच रात्री ती मुक्कामाच्या जागी पोचली, तर घरातली मुलगी आधी बसायलाही सांगेना. तू कोण, कुठे चाललीस, इतक्या रात्री बाईमाणूस रस्त्यावर कशी, असा भडिमार. वाचताना मला थेट आमचं आजोळ आठवलं. तिथेही एसटीतून उतरलेल्या माणसाला पाण्याआधी "कोणाचा रे तू?" हा प्रश्न मिळायचा.

न्यू इंग्लंडच्या लोकांच्या या चौकसपणाची तेव्हा फार ख्याती होती. इंग्लंडहून आलेल्या अँड्र्यू बर्नबी या पाद्र्याने 1759-60च्या प्रवासवर्णनात बेंजामिन फ्रँकलिनचा एक किस्सा दिला आहे. फ्रँकलिन टॅव्हर्नमध्ये शिरला की म्हणे मालक, मालकीण, मुलं, नोकर सगळ्यांना एकत्र बोलवायचा. नाव, गाव, धंदा सगळं एका दमात सांगून टाकायचा आणि मग जेवण मागायचा. फ्रँकलिन स्वतः बॉस्टनमध्ये जन्मलेला, त्यामुळे आपली माणसं त्याला पुरती ठाऊक होती.

आता यँकी या शब्दाकडे येते. तो बहुधा डच लोकांकडून आला. पुढे इंग्रज सैनिकांनी तो वसाहतीतल्या गावंढळ माणसाला हिणवायला वापरला, 'यँकी डूडल' हे गाणंही त्याच हेतूने म्हटलं. इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर त्याच माणसांनी ते गाणं आपलं करून टाकलं. आजही अमेरिकेबाहेर सगळेच अमेरिकन यँकी, दक्षिणेत गेलात तर उत्तरेकडचे यँकी, आणि उत्तरेत फक्त न्यू इंग्लंडवाले. दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव अंगावर घेऊन त्याचा अभिमान करायला जी हिंमत लागते, ती यांनी कुठे मिळवली? माझं उत्तर टॅव्हर्न हे आहे. इथे प्रत्येकाला आधी विचारलं जाई, तू कोण. मग हळूहळू सगळे मिळून विचारू लागले, आपण कोण.

याचा सर्वांत सुंदर पुरावा पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सचा आहे, आणि तो टॅव्हर्नचा मित्र मुळीच नव्हता. 1760-61 साली आपल्या ब्रेनट्री गावातले टॅव्हर्नचे परवाने कमी व्हावेत म्हणून त्याने खटपट केली होती. आळशी माणसांचे अड्डे, असं त्याचं मत. हाच अ‍ॅडम्स 1774च्या सुमारास कोर्टाच्या कामासाठी फिरताना श्रूसबरीच्या एका टॅव्हर्नमध्ये रात्री उतरला. गार पडलेला, भिजलेला. शेकोटीपाशी बसला. आसपासचे शेतकरी एकेक करून आले आणि राजकारणावर बोलू लागले. म्हातारपणी एका पत्रात त्याने ते संभाषण सांगितलं आहे. एक जण म्हणाला, उद्या कोणी तुझ्या दारात येऊन गुरं मोजायला लागला, डोईमागे कर बसवायचा म्हणून, तर काय करशील? दुसऱ्याचं म्हणणं, बॉस्टनच्या हॅनकॉक या व्यापाऱ्याचा बंदरातला धक्का इंग्लंडचं पार्लमेंट घेऊ शकतं, तर तुझं कोठार आणि माझं घरही घेऊ शकतं. वकील अ‍ॅडम्स गप्प बसून ऐकत होता. जी गोष्ट बॉस्टनचे शिकलेले लोक पत्रकांतून मांडत होते, ती ही माणसं गुरं आणि कोठारं यांच्या भाषेत बोलत होती. हा प्रसंग मी कितीही वेळा वाचला तरी अंगावर काटा येतो.

साहित्यातही हेच दिसतं. वॉशिंग्टन अर्व्हिंगचा रिप व्हॅन विंकल (1819) वीस वर्षं झोपून उठतो, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. मधल्या काळात इंग्रज राजाची सत्ता जाऊन अमेरिका स्वतंत्र झालेली असते. पण गावात परतल्यावर आपलं घर ओसाड पडलेलं पाहून तो कुठे धाव घेतो? गावच्या टॅव्हर्नकडे. तिथे जुना मालक निकोलस व्हेडरच्या काळातली संथ डच बैठक मोडलेली आहे. मोडकळीला आलेल्या एका मोठ्या इमारतीवर पाटी आहे, मालक जोनाथन डूलिटल. जोनाथन हे तेव्हा यँकीचं टोपणनावच होतं. 1787 साली रंगभूमीवर आलेल्या रॉयल टायलरच्या नाटकातला यँकी नोकरसुद्धा जोनाथनच. पाटीवरच्या राजा जॉर्जच्या चित्राला तोच चेहरा ठेवून निळा कोट चढवलाय, राजदंडाच्या जागी तलवार आली आहे आणि खाली जनरल वॉशिंग्टन असं लिहिलंय. गर्दी रिपला घेरून विचारते, मत कोणाला दिलंस? आणि तू आहेस तरी कोण? बिचाऱ्याला उत्तर सुचत नाही. क्रांती म्हणजे काय हे मला पाठ्यपुस्तकांपेक्षा त्या पाटीने जास्त शिकवलं.

नॅथॅनियल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाच्या एका कथेत (1832) खेड्यातला रॉबिन नावाचा पोरगा बड्या नातेवाइकाला शोधत शहरात येतो आणि टॅव्हर्नमध्ये शिरतो. मालक आधी गोड बोलतो, मग त्याला पळून आलेला वेठीचा नोकर ठरवतो. रात्र संपता संपता रॉबिनला नातेवाईक दिसतो तो राजाच्या बाजूचा म्हणून डांबर आणि पिसं फासलेला, जमावाच्या मधे. हॉथॉर्नला ठाऊक होतं, की "आपण" म्हणताना ही माणसं क्रूरही होऊ शकतात.

आणि एक गोष्ट मी पाहुण्यांना सांगितल्याशिवाय राहत नाही. टॅव्हर्नमधली रम कॅरिबियन बेटांवरच्या मळीपासून बनायची. तो ऊस गुलाम पिकवत, आणि काही रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला जाई. मालकाच्या परवानगीशिवाय गुलामाला टॅव्हर्नमध्ये बसवायला कायद्याने बंदी होती. 19 एप्रिल 1775च्या पहाटे, स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक झाली तेव्हा, गावच्या सशस्त्र पथकाचा प्रमुख कॅप्टन पार्कर याचे लोक बकमन टॅव्हर्नमध्ये आणि आसपास ब्रिटिशांची वाट पाहत होते. हिरवळीवर उभ्या राहिलेल्या त्या सत्तर-ऐंशी जणांत प्रिन्स एस्टाब्रुक होता. काळा, गुलाम. त्यालाही गोळी लागली. आठ जण मेले, तो जखमी होऊन वाचला. त्याला मात्र तू कोण हे कोणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

हे सगळं मी मावशीला आतल्या मोठ्या चुलीपाशी उभी राहून सांगितलं. माहिती देणाऱ्या बाई जवळ आल्या आणि त्यांनी तिला विचारलं, तुम्ही कुठून आलात? मावशीने नागपूर सांगितलं, मग तिथपासून मुंबई किती तास, मुलगा काय करतो, सून काय करते, हेही सांगितलं. आणि लगेच मला म्हणाली, "आता हिला विचार, हिचं मूळ गाव कुठलं?"