कुलपाचं बिल कुणाच्या नावावर?

परवा सांगलीच्या मार्केट यार्डात एका ओळखीच्या अडत दुकानात बसलो होतो. कीबोर्ड हळदीनं पिवळाधमक, आणि मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीनं लावलेल्या चिठ्ठीवर पासवर्ड, म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढं १२३. मालक जाम भडकलेले. हिशोबनिसाचं पोरगं इंजिनिअरिंगला आहे, त्यानं घरी बसून ह्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरून बघितलं, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विकल्याच्या हिशोबाच्या पावत्या), बँकेचे खाते नंबर सगळं उघडं, म्हणून स्क्रीनशॉट काढून मालकांनाच पाठवला. आता सॉफ्टवेअरवाला म्हणतोय नीट बसवायचं तर अठरा हजार.

"बापाच्या पगारातनं कापतो बघ."
"अण्णा, कडी तुम्ही लावली नाही आणि सुताराचं बिल त्याला?"
"तू गप की लेका."

मला लगेच गॅरी मॅकिनन आठवला. हा लंडनचा गडी २००१-०२ मध्ये घरातनं अमेरिकेच्या लष्कराच्या आणि नासाच्या ९७ कॉम्प्युटरांत शिरला, असं अमेरिकेचं म्हणणं. शोधत होता काय, तर परग्रहवाल्यांचे पुरावे! आणि शिरला कसा, तर त्याच्याच सांगण्याप्रमाणं कित्येक मशीनला पासवर्डच नव्हता, रकाना कोरा. अमेरिकेनं नुकसान सांगितलं ७ लाख डॉलरच्या वर. त्याला तिकडं पाठवायचं की नाही ह्यावर दहा वर्षं घासाघीस झाली आणि शेवटी ऑक्टोबर २०१२ मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी नाही म्हणून सांगितलं.

आता तो काय संत नव्हता. फायली डिलीट केल्या, वॉशिंग्टनकडचं लष्कराचं नेटवर्क २४ तास बंद पडलं असा आरोप होता, आणि ते खरं असेल तर तेवढं त्यानं भरायलाच पाहिजे. पण त्या ७ लाखांत मोडलेलं किती आणि आधीच लावायला पाहिजे होतं ते कुलूप किती, हा हिशोब वेगळा मांडायला नको? चोर यायच्या आधी वाड्याला दार नव्हतं, तर दाराचा खर्च चोराच्या नावावर कसा काय पडतो.

आपल्याकडं आयटी कायद्याचं कलम ४३ बघितलं तर परवानगी नसताना शिरणाऱ्याकडं भरपाई मागता येते, म्हणजे पोरगंही अडकतंच. आधी विचारायला पाहिजे होतं त्यानं, हे मी त्यालाही सांगितलं. पण २००८ च्या दुरुस्तीत ४३अ आलं, लोकांची नाजूक माहिती बेफिकिरीनं सांभाळली आणि कुणाचं नुकसान झालं तर धंदेवाल्यानं भरायचं. २०२३ च्या डेटा कायद्यात तर दंड २५० कोटींपर्यंत, फक्त तो जातो सरकारी तिजोरीत. ज्याचा खाते नंबर फुटला त्या तासगावच्या शेतकऱ्याच्या हातात त्यातला रुपया येत नाही, आणि ह्याच गोष्टीवर मला जास्त राग येतो.

हे सगळं अण्णांना सांगत होतो तेव्हा हिशोबनीस समोरच मान खाली घालून पट्ट्या लिहीत होते. अण्णा बराच वेळ गप्प. मग सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावून विचारलं, "अठरा हजारात जीएसटी धरलाय का?"