धबधबा ऐकून आलो

काल १५ ऑगस्ट. प्लॅन म्हणाल तर झेंडावंदन करून यायचं, जिलबी खायची आणि ताणून द्यायची, बास. पण जिलबीच्या पुड्याचा दोरा सोडता सोडता दादा म्हणाला मार्लेश्वरला जायचं का, आणि आमची आई, जी साधं बाजारात जायचं तरी आदल्या दिवशी सांगत जा म्हणते, ती पाच मिनिटात साडी बदलून दारात उभी. मग काय, जिलबी डब्यात, डबा गाडीत, माणसं पाच आणि छत्र्या दोन.

रत्नागिरीहून हातखंबा, निवळी करत संगमेश्वर आणि तिथून आत देवरुख. हायवेच्या कामाबद्दल काही लिहीत नाही, लिहायला बसलो तर मार्लेश्वर राहूनच जाईल. बावनदीच्या पुलावर दादाने गाडी स्लो केली, खाली नुसतं लाल पाणी, काठोकाठ. आई पुतण्याला सांगत होती की आपण चाललोय ना तिकडूनच येते ही नदी, त्या धबधब्याचंच पाणी हे. तो म्हणाला मग इथेच बघूया की, तिथपर्यंत कशाला. देवरुखला मिसळ खाल्ली, ठीकठाक होती, पाव मात्र गरम मिळाले.

मारळच्या पुढे गेलं की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते म्हणतात, काल आम्हाला भिंत वगैरे काही दिसली नाही, वरपर्यंत ढगच. आणि गाडीतून उतरल्यावर सगळ्यांना एकदम आठवलं की इथे पायऱ्या आहेत, पाचशेच्या वर, आणि आईचा गुडघा! मी खालीच बसते म्हणेल असं वाटलेलं. पण तिची वेगळीच सिस्टीम, दर पंधरावीस पायऱ्यांना एखादी टपरी गाठायची, काकडी कशी दिलीत विचारायचं, महाग आहे म्हणायचं, तेवढ्यात दम खाऊन पुढे. घेतली एकही नाही. मी आणि वैनी दोन छत्र्यांत भिजून चिंब आणि ती आपली डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून आमच्या आधी वर.

वर धबधबा नाहीच. म्हणजे आहे, समोरच आहे, धारेश्वर म्हणतात त्याला, पण सगळं पांढरं. आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलायला लागत होतं, तोंडावर तुषार येत होते, आणि दिसायला शून्य. वैनीने तरी व्हिडिओ काढलाच. नंतर बघितला तर पूर्वी टीव्हीला मुंग्या यायच्या ना, डिट्टो तसा.

मग गुहेत. दार एवढं बुटकं की कोणीही असा, वाकूनच आत जायचं. आत लाइट नाही, फक्त समया, त्यामुळे बाहेरून गेलं की आधी काहीच दिसत नाही, नुसता तेलाचा आणि ओल्या कपड्यांचा वास आणि पायाखाली गार दगड. मग हळूहळू पिंडी दिसायला लागतात, दोन आहेत, मार्लेश्वर आणि मल्लिकार्जुन. कपारीत साप असतात हे पुतण्याला दादाने गाडीतच सांगून ठेवलेलं, त्यामुळे त्या शांततेत हा मोठ्यांदा, साप कुठायत? पुजारीकाका म्हणाले, आहेत की, तुलाच बघतायत. आतल्या आठदहा जणांनी एकदम पाय चोरले, मी पण, खोटं कशाला बोलू.

बाहेर आल्यावर आईने त्याला संक्रांतीची गोष्ट सांगितली. दरवर्षी मकर संक्रांतीला देवाचं लग्न लागतं, नवरी साखरप्याची गिरिजादेवी, पालखीतून येते, लिंगायत पद्धतीने विधी होतात, तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते. पुतण्या म्हणाला, दरवर्षी तेच लग्न? वैनी लगेच, देव आहेत बाबा ते, आपल्याला एकदाच पुरे झालं. दादा नारळ सोलण्यात एकदम बिझी.

तो नारळ पण उतरताना माकडाने नेला. आम्ही सगळे त्या माकडाकडे बघत होतो, कोणी हाड हाड करतंय, कोणी हसतंय, आणि मागून आईचा आवाज, अरे तो बघा! वळून बघेपर्यंत परत पांढरं. काकडीवाल्या मावशींच्या समोर उभी होती ती, तोंड डोंगराकडे, आणि तेवढ्या मिनिटभरात ढग फाटला. मावशी पण म्हणाल्या, दिसला की, चांगला दिसला. म्हणजे पाचातल्या एकट्या आईला दर्शन. त्या खुशीत तिने काकडी घेतली एकदाची, तिखटमीठ लावून, भाव न करता.

परत येताना अर्धा तास तेच वर्णन. देवरुखपर्यंत तो तीन टप्प्यांत पडत होता, संगमेश्वरपर्यंत पाच झाले. बावनदीच्या पुलावर अंधार पडलेला, पुतण्याला उठवून पाणी दाखवावं म्हटलं तर वैनीने डोळे वटारले. जिलबी घरी येऊन खाल्ली. पार मऊ पडली होती, पण संपली.