पद्मिनीचे हिसके

संध्याकाळी घोडबंदर रोडवर गाड्या नुसत्या रांगत असतात. तिसरा गिअर, २५चा वेग, ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकवलेला. नेमकं तेव्हाच आमची प्रीमियर पद्मिनी हिसके मारायची. जरा पुढे धावायची, मग कुणी मागून ओढल्यासारखी मंदावायची, की पुन्हा पुढे. ५०वर नेली की एकदम शहाणी!

"पेट्रोल कमी पडतंय ताई, जेट मोठा टाकू," मिस्त्री म्हणाले. जेट म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधलं, पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र. सोसायटीतल्या काकांचं नेहमीचंच, "अगं, विकून टाक."

प्लग, पॉइंटची गॅप, टायमिंग सगळं ठीक होतं. मग गरम इंजिनावर, हिसके चालू असतानाच, चोक (हवा कमी करणारी झडप) किंचित ओढून पाहिला. हिसके बंद. म्हणजे मिश्रण पातळ होत होतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होतं, इथवर मिस्त्रींचं बरोबर. पण पेट्रोल कमी येतंय की हवा जास्त, हे चोक सांगत नाही.

हलक्या पायावर बटरफ्लाय, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप, जराशीच उघडते. मेन जेट अजून कामाला लागलेला नसतो, सगळा कारभार छोट्या स्लो जेटवर. त्यात मॅनिफोल्डमधला (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळीतला) व्हॅक्यूम जोरात, त्यामुळे कुठे फट असेल तर तिथून हवा आत ओढली जाते आणि एवढ्याशा पेट्रोलला ती भारी पडते. पाय दाबला की व्हॅक्यूम पडतो, मेन जेट येतो आणि ती हवा जाणवत नाही. २० टक्के इथेनॉलमुळे मिश्रण आणखी पातळ होतं, हे खरं. पण ते पेट्रोल आम्ही आधीपासून भरतोय. हिसके सुरू झाले ते एका गॅरेजमध्ये कार्बोरेटर उतरवून साफ केल्यावर.

म्हणून कार्बोरेटरच्या तळाच्या पॅकिंगभोवती घट्ट ग्रीस थापलं. आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग) लगेच बदलला, म्हणजे हवा तिथूनच आत येत होती. उतरवून तळाला स्टीलची पट्टी लावली, तर मधून उजेड दिसत होता: दोन्ही नट बेदम आवळल्याने फ्लँज (तळाची सपाट कड) वाकली होती. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती सावकाश घासून सपाट केली, नवीन पॅकिंग घातलं, नट आलटून पालटून बेताने आवळले. शेवटी मिक्स्चरचा स्क्रू पाव फेरा बाहेर. जेट जुनाच.

आता कापूरबावडीच्या गर्दीतही गाडी सरळ चालते. बटरफ्लायच्या स्पिंडलला (दांडीला) मात्र थोडा खेळ आहे, तिथूनही हवा घेत असणार. वागळे इस्टेटमधले एक लेथवाले बुश बसवून देतो म्हणालेत, पण गणपतीनंतर.