सुई नेमकी कुठे पोचली?

लोकस सेरुलियस हे नाव ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. मेंदूच्या मागच्या भागात, चौथ्या व्हेंट्रिकलच्या (द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) कोपऱ्याला लागून पेशींचा एक छोटा पुंजका असतो. उंदराच्या अख्ख्या मेंदूत न्यूरॉन सात कोटींच्या घरात, आणि या पुंजक्यात एका बाजूला जेमतेम दीड हजार. पण कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला, मिळणारं नॉरॲड्रेनलिन हे संदेशवाहक रसायन जवळजवळ सगळं इथूनच येतं. झोपेतून जाग येणं, दचकणं, एखाद्या गोष्टीकडे लक्ष जाणं, सगळ्यात यांचा हात. माझी पीएचडी याच पुंजक्यावर चालू आहे. पेशींत हवा तो जीन पोचवण्यासाठी आम्ही निरुपद्रवी केलेला व्हायरस बारीक सुईने उंदराच्या मेंदूत सोडतो. त्यामुळे त्याचा थेंब तिथेच पडला का, हा माझ्या रोजच्या कामातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या ज्युनियरने परवा विचारलं, "ताई, मेंदूच्या नकाशांच्या ॲटलासमध्ये आकडे छापलेलेच आहेत, मशीनवर मिलिमीटरचा शंभरावा भाग दिसतो, मग प्रत्येक उंदराचा मेंदू कापून परत बघायचा कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्र दोन वाक्यांत देण्यासारखं नाही.

डोकं घट्ट धरून कवटीवरच्या खुणांवरून मेंदूच्या आत मोजमाप करण्याचं यंत्र लंडनमध्ये हॉर्स्ली आणि क्लार्क यांनी १९०८ मध्ये मांडलं. आमचं आजचं स्टिरिओटॅक्सिक यंत्र त्याच कल्पनेवर चालतं. उंदराला आयसोफ्लुरेनने भूल द्यायची, खाली उबदार पॅड, डोळ्यांना मलम, वेदनाशामक आधीच दिलेलं. कानात इअर बार, तोंडाशी दातांची पट्टी. कातडी बाजूला केली की कवटीवर हाडांचे सांधे दिसतात. मधला उभा सांधा आणि पुढचा आडवा सांधा जिथे मिळतात तो ब्रेग्मा, आणि मागचा सांधा मिळतो तो लॅम्डा. आमचं सगळं मोजणं ब्रेग्मापासून सुरू होतं. लोकस सेरुलियस तिथून साधारण ५.४ मिमी मागे, मध्यरेषेपासून ०.९ मिमी बाजूला आणि साडेतीन मिमीच्या आसपास खोल.

आता हा शून्याचा बिंदू किती पक्का आहे ते बघा. आडवा सांधा सरळ रेषेत नसतो. कित्येक उंदरांत डावी बाजू मध्यरेषेला एका ठिकाणी लागते आणि उजवी थोडी मागे. मग दोन्ही बाजूंच्या सांध्यांना जुळेल अशी एक वळणदार रेषा मनातल्या मनात ओढून तिचा छेद धरावा लागतो. त्यात एक-दोन दशांश मिमी इकडेतिकडे सहज होतं. ब्रेग्मा आणि लॅम्डा एका पातळीत नसले तर आणखी फरक. नाक फक्त तीन अंशांनी खाली असेल तर आपलं ठिकाण पुढे-मागे ०.१८ मिमी आणि वर-खाली जवळपास ०.२८ मिमी सरकतं. हा पुंजका आडवा मोजला तर पाव मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे तेवढ्यानेही सुई बाहेर पडू शकते. शिवाय लॅम्डाच्या जवळून मोठी शीर आडवी जाते. कवटीतून तिची गडद रेघ दिसते. ड्रिल तिला लागू नये म्हणून काही जण सुई तिरकी घालतात, आणि मग आकडे परत नव्याने काढायचे.

ॲटलासबद्दलही ज्युनियरला एवढंच सांगितलं की तो कुणाचा आहे हे बघ. पॅक्सिनोस आणि फ्रँकलिन यांचा ॲटलास १९९७ मध्ये आला. आम्ही सगळे तो वापरतो आणि तो उत्तमच आहे, पण तो ठरावीक वाणाच्या प्रौढ उंदरांवर बेतलेला. आमच्या टेबलावरची मादी वजनाने लहान, तिची कवटीही लहान. सिॲटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटचा त्रिमितीय नकाशा १६७५ उंदरांच्या मेंदूंची सरासरी काढून बनवलाय. तो बघताना मला आजही भरून येतं, इतकं बारीक आणि मोकळ्या हाताने सगळ्या जगाला दिलेलं काम आहे ते. पण त्यातले मेंदू कवटीतून बाहेर काढून स्कॅन केलेले, त्यामुळे त्या नकाशाला स्वतःचा ब्रेग्मा नाही. शस्त्रक्रियेचे आकडे त्यातून थेट उचलता येत नाहीत. शिवाय दोन्ही नकाशांत काही भागांच्या सीमा आणि नावंही जुळत नाहीत. म्हणून कुठला नकाशा वापरला ते वहीत लिहायलाच हवं.

खरं उत्तर तीन आठवड्यांनी मिळतं. मेंदू फॉर्मल्डिहाइडमध्ये पक्का होतो, शेंगदाण्याएवढा तो ऐवज फेविक्विकने व्हायब्राटोमच्या (थरथरत्या पात्याने पातळ काप काढणाऱ्या यंत्राच्या) चकतीवर चिकटवायचा आणि ५० मायक्रॉनचे काप काढायचे. काप पाण्यात तरंगतात, बारीक ब्रशने एकेक उचलून क्रमाने ठेवायचा. चिकटवताना मेंदू जरासा कलला तर एकाच कापात डावी बाजू पुढची येते आणि उजवी मागची. डावीकडे इन्फिरिअर कॉलिक्युलस (ऐकण्याशी संबंधित उंचवटा) अजून दिसतोय आणि उजवीकडे त्याच्या मागचा सेरेबेलम (लहान मेंदू) सुरू झालाय, असा काप ॲटलासच्या एकाही पानाशी जुळत नाही. क्विकनी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲलनचा नकाशा तिरका कापून असा काप जुळवता येतो. मी तोही वापरते, पण त्याआधी डोळ्यांनी खुणा शोधते: व्हेंट्रिकलचा आकार, सेरेबेलमकडे जाणारा जाड पांढरा पट्टा, मग बाकीचं.

नॉरॲड्रेनलिन बनवायला लागणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमला धरणारा रंग दिला की पुंजका उजळून उठतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला मेझेन्सेफॅलिक ट्रायजेमिनलच्या, म्हणजे जबड्याची जाणीव आणणाऱ्या, मोठ्या गोल पेशी, आणि पुढच्या टोकाशी आतल्या अंगाला बॅरिंग्टन न्यूक्लियस, म्हणजे लघवीवर नियंत्रण ठेवणारं केंद्र. एवढे वेगवेगळ्या कामांचे शेजारी, तेही केसाच्या अंतरावर! एका मादीने चाचणीत फार देखणा निकाल दिला होता. काप बघितला तर व्हायरसचा लाल रंग निम्म्याहून जास्त बॅरिंग्टनमध्ये. त्या वेळचा व्हायरस कुठल्याही न्यूरॉनमध्ये चालू होणारा होता. आता आम्ही डीबीएच-क्रे नावाचे जनुकीय बदल केलेले उंदीर आणि त्यांना जुळणारा व्हायरस वापरतो, त्यात तो फक्त नॉरॲड्रेनलिन बनवणाऱ्या पेशींतच चालू होतो. तरी पुंजक्यातल्या किती पेशींपर्यंत पोचला ते मोजावंच लागतं.

तिचा आकडा आलेखातून काढला. वाईट वाटलं, कारण जीव तर तिचाही गेला होता. म्हणूनच मला वाटतं की ठिकाण चुकलेल्या उंदरांचे काप कपाटात पडून राहू नयेत. कुठे लागलं आणि त्याने काय झालं, हे पुढच्या माणसाला कळलं तर त्याचे काही उंदीर वाचतील. आमच्या पेपरच्या पुरवणीत मी प्रत्येक जनावराचं सुईचं ठिकाण ॲलनच्या नकाशावर दाखवते आहे, गाळलेल्यांचंही, वेगळ्या रंगात. ज्युनियरला त्यातले पहिले दहा मेंदू जुळवायला दिलेत.