मडगार्डची गोलाई

गेल्या ऑक्टोबरात, सोयाबीनच्या काढणीच्या धांदलीत, आर्णी तालुक्यातल्या आमच्या वर्कशॉपवर एक शेतकरी जुन्या ट्रॅक्टरचे डावे मडगार्ड घेऊन आले. पत्रा गंजून चाळणी झाला होता आणि मधोमध खोलगट दबला होता. त्या मॉडेलचे मडगार्ड आता येत नाही असे विक्रेत्याने त्यांना सांगितले होते, आणि गावातल्या वेल्डरने दरवर्षी सपाट पत्र्याचे ठिगळ लावून मूळ गोलाईची पार वाट लावली होती. ठिगळ लावणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे आमच्या धंद्यातल्या पुष्कळांना आजही पटत नाही.

मी १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा पत्रा घेतला आणि पुठ्ठ्याचा फर्मा कापला. मडगार्डची खाली वळलेली कड हीच खरी परीक्षा असते. आधी सरळ पट्टीला २५ मिलिमीटरची कड काटकोनात वळवायची आणि मग हाताच्या लिव्हरने चालणाऱ्या श्रिंकरच्या, म्हणजे पत्रा आवळून आखूड करणाऱ्या यंत्राच्या, जबड्यात ती थोडी थोडी आवळत न्यायची. कड आकसते तसतशी पट्टी आपोआप वळते. पाव वर्तुळ वळवायचे तर कडेच्या टोकाची लांबी सुमारे ३९ मिलिमीटरने कमी व्हावी लागते, मग चाक केवढेही असो. एकाच जागी जबडा वारंवार दाबला तर पत्रा कडक होऊन तडकतो, म्हणून दर दोन-तीन दाबांनी फर्मा लावून पाहावा लागतो. ती एक कड वळवण्यात माझी अख्खी दुपार गेली.

त्यानंतर रेतीच्या चामडी पिशवीवर बाभळीच्या हातोड्याने ठोकून वरच्या पत्र्याला आडवा फुगार दिला आणि गोल माथ्याच्या ऐरणीवर ठोक्यांचे डाग मिटवले. सपाट पत्रा दाबला की डबडब वाजतो. दोन्ही दिशांनी गोलाई आली की तोच पत्रा, त्याच जाडीचा, दाबाला दाद देत नाही. संध्याकाळी अंगठ्याने दाबून पाहिले तेव्हा मला फार समाधान वाटले.

न्यायला आले तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, धरायले एक दांडी बी लावून दे न, घरची मानसं बसतात त्याच्यावर." मी नकार दिला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२३ प्रमाणे असे बसवून नेता येत नाही हेही सांगितले. पण मजुरांना शेतावर न्यायला दुसरे साधन नसलेल्या माणसापुढे कलमाचा आकडा सांगताना माझा मलाच संकोच वाटला. जुना पत्रा मधोमध का दबला होता, हे मला तेव्हा उमगले. मी नुसते चाकावरचे झाकण घडवले नव्हते, बैठक घडवली होती. आणि सपाट, डबडबता पत्रा लावला असता तरी माणसे बसलीच असती, फक्त तो एखाद्या दिवशी त्यांच्याखाली दबला असता.

बोल्ट आवळून झाले. त्यांची सून लेकराला मांडीवर घेऊन, धरायला काही नसताना, त्या मडगार्डवर बसली आणि पत्र्याचा जरासुद्धा आवाज झाला नाही.

उजवे मडगार्ड ते दिवाळीनंतर आणणार आहेत. फर्मा उलटा केला की त्या बाजूलाही चालतो, म्हणून तो मी जपून ठेवला आहे. दांडीचे मात्र अजून ठरत नाही.