केमो सुरू होण्याआधीचे काही दिवस

कर्करोगाचे निदान झालेल्या तरुण रुग्णाला पहिल्या एक-दोन भेटींत पुष्कळ काही सांगितले जाते: आजार कोणत्या टप्प्यात आहे, शस्त्रक्रिया आधी की केमो आधी, केस कधी गळतील, खर्च किती येईल. या उपचारांमुळे पुढे मूल होण्याची शक्यता घटू शकते आणि त्यावर पहिल्या केमोच्या आधीच काही करता येते, एवढे मात्र अनेकदा सांगायचे राहून जाते. मला स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले तेव्हा मी तिशीत होते आणि अविवाहित होते. केमोची तारीख ठरली, सगळे कागद तयार झाले, तरी हा विषय कोणी काढला नव्हता. शेवटी रक्त घेणाऱ्या सिस्टरने हळूच विचारले, "ताई, स्त्रीबीजं साठवायचं डॉक्टरांशी बोललात का?" तो प्रश्न अशा योगायोगावर सोडला जाऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

स्त्री जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत त्यांतील तीन-चार लाख उरतात आणि त्यांत पुढे भर पडत नाही. सायक्लोफॉस्फामाइडसारखी केमोची औषधे कर्करोगाच्या पेशींबरोबर या साठ्याचाही नाश करतात. नुकसान किती होईल हे औषध, त्याची एकूण मात्रा आणि रुग्णाचे वय यांवर ठरते. हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या एबीव्हीडी या औषधयोजनेत धोका कमी असतो, तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधीच्या तीव्र केमोत तो फार मोठा असतो. उपचारांनंतर पाळी पुन्हा आली की घरचे निर्धास्त होतात, परंतु पाळी नियमित असूनही साठा बराच घटलेला असू शकतो आणि रजोनिवृत्ती काही वर्षे आधी येऊ शकते.

पुरुषांच्या बाबतीत हे काम इतके सोपे आहे की ते राहून गेल्याचे ऐकले की फार वाईट वाटते. गोठवलेल्या वीर्यापासून गर्भधारणा झाल्याची पहिली नोंद 1953 सालची, अमेरिकेतील आयोवा येथील आहे. म्हणजे हे तंत्र सत्तर वर्षांहून जुने आहे. वीर्याचे एक-दोन नमुने द्यायचे, ते उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवले जातात, आणि उपचार जेमतेम दोन-तीन दिवस पुढे जातात, कधी तेवढेही नाही. आजारामुळे शुक्राणू मुळातच कमी असले तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण 1992 पासून वापरात असलेल्या इक्सी पद्धतीत शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात आणि एका बीजासाठी एकच शुक्राणू पुरतो. केमो सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात मात्र जनुकीय दोषांची भीती असते, त्यामुळे तो आधीच द्यायला हवा. सगळे अडते ते संकोचापाशी. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, त्याच्या एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला काका. अशा खोलीत तो मुलगा काय बोलणार? माझी डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे की त्यांनी नातेवाइकांना पाच मिनिटे बाहेर बसवावे आणि त्याच्याशी एकट्याशी बोलावे.

स्त्रियांना वेळ थोडा अधिक लागतो, पण लोक समजतात तितका नाही. पूर्वी बीजे वाढवणारी इंजेक्शने सुरू करण्यासाठी पाळीची वाट पाहावी लागे. आता ती पाळीच्या चक्रातील कोणत्याही दिवशी सुरू करता येतात आणि साधारण दोन आठवड्यांत बीजे बाहेर काढली जातात. स्तनाचा कर्करोग हार्मोनवर वाढणारा असेल तर या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन वाढण्याची भीती असते, म्हणून सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या देऊन ते खाली ठेवले जाते. गोठवलेल्या स्त्रीबीजापासून पहिली गर्भधारणा ऑस्ट्रेलियात झाल्याचे 1986 साली प्रसिद्ध झाले, पण बीजात पाणी जास्त असल्याने गोठताना बर्फाचे स्फटिक होऊन ते फाटत असे. अतिशीघ्र गोठवण्याची पद्धत रुळली तेव्हा ही अडचण दूर झाली, आणि 2012 मध्ये अमेरिकेच्या प्रजनन वैद्यक संस्थेने या उपचारावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला.

माझ्या आईची पहिली प्रतिक्रिया होती, "अहो डॉक्टर, आधी मुलगी वाचू दे, बाकीचं पुढचं पुढे बघू." तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण त्या दिवशी तिला माझा जीवच दिसत होता. तिच्या मनात आणखी एक भीती होती आणि ती बऱ्याच आयांच्या मनात असते: बीजे सहसा योनिमार्गातून सुई घालून काढतात, मग अविवाहित मुलीचे काय? याला पर्याय आहे. पोटावरून सोनोग्राफीच्या मदतीने किंवा दुर्बिणीतूनही बीजे काढता येतात. मुलीने आणि आईने हे स्पष्ट विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

विवाहित स्त्रियांना बहुधा भ्रूण गोठवण्याचा सल्ला दिला जातो. भ्रूणावर मात्र पती-पत्नी दोघांचा अधिकार असतो आणि त्याच्या वापराला दोघांची संमती लागते. आजारपणात संसारांवर किती ताण येतो हे मी जवळून पाहिले आहे, त्यामुळे निदान काही बीजे फलित न करता स्त्रीच्या एकटीच्या नावावर ठेवावीत, असे माझे मत आहे.

वयात न आलेल्या मुलींची बीजे अशी काढता येत नाहीत. त्यांच्यासाठी अंडाशयाचा तुकडा दुर्बिणीने काढून गोठवतात आणि पुढे तो पुन्हा शरीरात बसवतात. अशा प्रत्यारोपणानंतरचे पहिले बाळ 2004 साली बेल्जियममध्ये जन्मले. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, मात्र त्या तुकड्याबरोबर आजाराच्या पेशी परत जाण्याचा धोका असल्याने फार सावध राहावे लागते.

यातले काहीही हमी देत नाही. गोठवलेल्या प्रत्येक बीजाचे बाळ होत नाही, आणि बीजे काढतेवेळी वय जितके जास्त, तितकी आशा कमी. काहींचा आजार इतका वेगाने वाढत असतो की दोन आठवडेही थांबणे शक्य नसते, आणि तेथे जीव वाचवणे हेच पहिले. खर्चाचा प्रश्नही खरा आहे. आपल्याकडील आरोग्य विम्याच्या ठरलेल्या अपवादांत वंध्यत्वावरील उपचार येतात, त्यामुळे केमोचे पैसे देणारी पॉलिसी त्याच केमोमुळे लागणाऱ्या या उपचाराला सहसा हात लावत नाही. औषधाचा दुष्परिणाम टाळण्याचा हा उपाय आहे, त्याला वंध्यत्वाच्या रकान्यात टाकणे मला अन्यायाचे वाटते, आणि रुग्णांच्या संघटनांनी हा मुद्दा लावून धरावा असे मनापासून वाटते.

संमतीपत्राबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. 2021 च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतो. साठवणूक करताना, तुमच्या मृत्यूनंतर नमुन्याचे काय करायचे, असेही विचारले जाते, आणि त्या गडबडीत माणूस समोर येईल तेथे खूण करून मोकळा होतो. जून 2025 मध्ये असेच एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. कर्करोगाच्या उपचारांदरम्यान वीर्य साठवलेल्या एका अविवाहित तरुणाने मृत्यूनंतर ते नष्ट करण्याचा पर्याय निवडला होता. त्याच्या निधनानंतर आईने ते जपावे म्हणून याचिका केली, आणि सुनावणी होईपर्यंत नमुना सुरक्षित ठेवण्याचा आदेश न्यायालयाने दिला. कोणाची बाजू बरोबर, यावर मी बोलणार नाही. पण तो कागद एक रात्र घरी नेऊन वाचण्याची मुभा रुग्णाने मागावी आणि केंद्राने ती द्यावी.

बरे झाल्यानंतरचा प्रश्न हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात अधिक बिकट होतो, कारण हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या पाच ते दहा वर्षे घ्याव्या लागतात आणि त्या काळात गर्भधारणा चालत नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पॉझिटिव्ह' या अभ्यासात सुमारे पाचशे स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षे गोळ्या घेतल्यावर, बाळासाठी त्या जास्तीत जास्त दोन वर्षे थांबवल्या. पहिल्या काही वर्षांत तरी त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही; दूरचे निष्कर्ष यायचे आहेत. माझ्या गोळ्या चालू आहेत. पुढच्या तपासणीत हा अभ्यास डॉक्टरांपुढे ठेवून, माझ्या गाठीच्या प्रकाराला तो कितपत लागू पडतो, हे मी विचारणार आहे.