डावा क्रँक रेषेत नसेल तर

सायकलचे दोन्ही क्रँक (पेडल ज्यांना लागतात ते दांडे) एकमेकांपासून १८० अंशांवर हवेत. उजवा आडवा धरा, लेव्हल लावा, मग डावा तपासा. जरा जरी तिरका दिसला तर बोल्ट आवळत सुटू नका, आधी क्रँक काढा.

चौकोनी स्पिंडलवर (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या आसावर) क्रँक चुकून पुढच्या बाजूवर बसला तर फरक थेट ९० अंशांचा. तो लगेच कळतो. ऑक्टालिंकला (शिमानोच्या खाचांच्या स्पिंडलला) ८ खाचा, म्हणजे एक खाच चुकली की ४५ अंश. खरा त्रास दोन-तीन अंशांचा. त्याचं कारण बहुधा सैल बोल्टवर चालवलेली सायकल: अॅल्युमिनियमचं चौकोनी भोक झिजून गोलसर होतं. असा क्रँक कितीही आवळला तरी पुन्हा सैल होणार, तो बदलाच.

शिमानोच्या हॉलोटेक-२ या क्रँकप्रकारात रुंद दात असल्याने डावा क्रँक एकाच जागी बसतो. स्पिंडलच्या टोकाची टोपी हाताने जेमतेम आवळा, मग डावा क्रँक स्पिंडलवर चिमटणारे दोन्ही पिंच बोल्ट आळीपाळीने १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत.

फ्रेमपासून क्रँकचं बाजूचं अंतर चेनस्टेवरून (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या आडव्या नळीवरून) मोजू नका, सीटट्यूबवरून (सीटखालच्या उभ्या नळीवरून) मोजा. दोन्हीकडे एक-दोन मिमीचा फरक चालतो. जास्त असेल तर बॉटम ब्रॅकेट (स्पिंडल फिरतो ते बेअरिंग) पाहा: रोड सायकलच्या ६८ मिमी शेलला (फ्रेममधल्या त्याच्या नळीला) कधीकधी चुकून एमटीबीचे (माउंटन बाइकचे) स्पेसर, म्हणजे अंतर राखणाऱ्या चकत्या, घातलेले असतात.

रत्नागिरी, मालवणकडे खारं वारं लोखंडी स्पिंडल आणि अॅल्युमिनियम एकमेकांत घट्ट धरवतं. म्हणून दातांवर ग्रीसचा पातळ थर हवाच, आणि पावसाळा संपला की क्रँक एकदा उतरवून पुसावा.